भरतीच्या वेळचा पाऊस

नवी मुंबईत ऑक्टोबरचं ऊन जितकं वरून येतं तितकंच आडवंही येतं. दुपार कलल्यावर बेलापूरहून पाम बीच रोडने वाशीकडे निघालात तर डाव्या हाताला खाडी असते. भरती असेल तर पाणी चमकतं, ओहोटी असेल तर चिखल. उजव्या हाताला उंच टॉवर, आणि त्यांच्या काचांमध्ये तोच सूर्य मजल्यागणिक एकेक. घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला एजंट हेच कौतुकाने दाखवतो, 'सी-व्ह्यू आहे मॅडम, लाइट बघा किती येतो!' मी आमचं घर बघायला गेले तेव्हा तो लाइट बघूनच माझ्या पोटात गोळा आला. बेडरूमची खिडकी पश्चिमेला आहे हे कळल्यावर पहिली चौकशी केली ती पडद्याच्या दांडीची.

अर्धशिशी असलेल्या माणसाला शहर आधी नाकाने, डोळ्यांनी आणि कानांनी कळतं, पत्ता मागाहून. तुर्भ्याला मसाला मार्केटजवळून रिक्षा निघाली की माझी ओढणी आपसूक नाकाशी जाते, कारण गोदामांबाहेर मिरचीचा खकाणा हवेत तरंगत असतो. रात्री उशिरा कधीतरी वारा फिरतो आणि टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांकडून गोडसर, डोक्यात चढणारा केमिकलचा वास घरात शिरतो. मग वाशी-कोपरखैरण्याची माणसं झोपेतच उठून खिडक्या लावतात. स्टेशनच्या भुयारी मार्गात एखादी ट्यूब फडफडत असते. नवरात्रात सेक्टरासेक्टरात गरब्याचे स्पीकर लागतात. बाकीच्यांना हे सगळं 'चालायचंच' म्हणून सोडून देता येतं. माझं डोकं मात्र पै-पैची नोंद ठेवतं आणि कधीतरी, मला न विचारता, हिशेब मागतं.

माझ्याकडे तो हिशेब बहुतेकदा पुस्तकातून येतो. ट्रेन मानखुर्द सोडून खाडीपुलावर चढलेली असते, पाण्याचा झगझगाट खिडकीतून आत येत असतो, आणि वाचता वाचता एका शब्दातलं अक्षर सापडत नाही. तिथे काळा डाग पडलेला नसतो. अक्षर नसतंच, आणि त्याच्या जागी कागदही नसतो. नजर हलवली की ती रिकामी जागा सोबत हलते. मग तिच्या कडेला बारीक लुकलुक सुरू होते, लुकलुक जोडली जाऊन एक कंस तयार होतो, आणि कंसाच्या बाहेरच्या अंगाला दाते फुटतात. तिरके, धारदार, पिवळ्या-निळ्या कडांचे, जागच्या जागी थरथरणारे. वाशी येईपर्यंत कंस मोठा होऊन डावीकडे सरकलेला असतो. सानपाड्याला डब्यातल्या इंडिकेटरवर 'पनवेल'मधलं फक्त 'वेल' उरतं. नेरूळला उतरताना समोरच्या बाईला अर्धाच चेहरा असतो, आणि त्या अर्ध्या चेहऱ्याने ती विचारत असते, 'उतरायचंय ना?' डोळे मिटले तरी कंस दिसत राहतो, कारण तो डोळ्यांत नसतोच. अर्ध्या तासाच्या आत तो नजरेच्या कडेवरून निघून जातो, आणि उजव्या कानशिलामागे पहिला ठोका पडतो.

या कंसाची चित्रं दीडशे वर्षांपूर्वीच काढून ठेवलेली आहेत. ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टराने स्वतःला दिसणाऱ्या दातेरी कमानीचे टप्पे रंगवले आणि 1870 मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याला त्या दात्यांत तटबंदी असलेलं शहर दिसलं. त्याच्या आधी पाच वर्षं, 1865 मध्ये, अशाच अर्ध्या झालेल्या नजरेबद्दल एका खगोलशास्त्रज्ञाने लिहिलं होतं. त्याचं नाव जॉर्ज बिडेल एअरी, ग्रीनिचच्या वेधशाळेचा प्रमुख. ह्यूबर्ट त्याचा मुलगा. पुढे 1941 मध्ये कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्याच नजरेतला कंस किती वेगाने पसरतो ते मोजलं, आणि मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला 3 मिलिमीटर या गतीने सरकत असावं असा हिशेब मांडला. तीन वर्षांनी, 1944 मध्ये, आरिस्तिदेस लेआव या ब्राझीलच्या तरुण संशोधकाने सशाच्या मेंदूवर साधारण तशीच संथ पसरणारी लाट नोंदली. लाट पुढे सरकते आणि तिच्यामागे चेतापेशी काही काळ गप्प होतात. म्हणजे ट्रेन धडधडत पूल ओलांडत असते त्याच वेळी माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दुसरंच काहीतरी मिनिटाला तीन मिलिमीटर पुढे जात असतं, आणि दोघांतलं मुक्कामाला आधी कोण पोचणार एवढाच प्रश्न असतो.

आमच्या घरात या लाटेचं चित्र कुणी काढलं नाही. आजी पेणजवळच्या गावातली. तिचं डोकं उठलं की ती माजघरामागच्या बिनखिडकीच्या खोलीत जाऊन पडायची. सहाणेवर उगाळलेल्या सुंठेचा कपाळाला लेप, त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी गच्च आवळलेली, नाकात साजूक तुपाचे थेंब. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खाल्ली की अर्धशिशी उतरते असाही एक उपाय होता, आणि आम्हा नातवंडांना तेवढाच पसंत होता. तिचं दुखणं सूर्याच्या वेळापत्रकाने चालायचं. उन्हाबरोबर चढायचं, दिवस कलला की उतरायचं. सुश्रुताने शिरोरोगांचे 11 प्रकार सांगितले आहेत. त्यांत अर्धं डोकं धरणारा अर्धावभेदक आहे आणि सूर्यासोबत चढणारा-उतरणारा सूर्यावर्तही आहे. आजीला सुश्रुत ठाऊक नव्हता. तिच्या सासूला सुंठ ठाऊक होती, तेवढ्यावर भागलं.

आई लग्नानंतर काही वर्षांनी वाशीला सिडकोच्या घरात आली. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली 1970 मध्ये, पण खाडीवरून रेल्वे यायला 1992 उजाडलं. तोवर आई बसने मुंबईला नोकरीला जायची. डिझेलचा धूर, उभं राहून प्रवास, पर्समध्ये बामची बाटली आणि गोळ्यांची पट्टी. आजीला निदान अंधारी खोली तरी होती. आईला मस्टर होतं. तिला मिळणारे सल्ले ऐकतच मी मोठी झाले. फार विचार करतेस. उपास सोड. चष्म्याचा नंबर बघ. पित्त आहे, उलटी काढून टाक. आणि जरा हळू आवाजात, पाहुणे यायच्या दिवशीच बरं दुखतं! मावशीचंही डोकं दुखायचं, पण तिच्या दुखण्याला घरात 'टेन्शन' म्हणत. एकाच घरातल्या तिघींना तीन वेगळी निदानं मिळाली, आणि वारशाचं नाव कुणी काढलं नाही. वारसा म्हणजे शेतजमीन आणि पाटल्या, एवढाच आमचा हिशेब.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलं ते असं, की अर्धशिशी कुणाला होते आणि कुणाला होत नाही या फरकातला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असतो. आणि हे दुखणं काही दुर्मीळ नाही. शेजारच्या कर्नाटकात केलेली एक पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात 25.2 टक्के प्रौढांना वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचं आढळलं. चारातलं एक माणूस. जगभरात बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट. चारातल्या एकाला असलेल्या दुखण्याला 'नाजूक प्रकृती' म्हणायचं, तर मग सगळ्या देशाचीच प्रकृती नाजूक म्हणावी लागेल.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते त्याच्याभोवतीचं आवरण. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारा ट्रायजेमिनल नावाचा मज्जातंतू आहे, त्याची टोकं या आवरणातल्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचलेली असतात. अमेरिकेतल्या मायकेल मॉस्कोविट्झ यांनी 1979 मध्ये या मज्जातंतूकडे बोट दाखवलं. ही टोकं चेतवली गेली की नुसती वेदनेची खबर वर पाठवून थांबत नाहीत, आपल्या बाजूने रसायनंही सोडतात. त्यातलं मुख्य म्हणजे सीजीआरपी. रक्तवाहिन्या रुंदावतात, आवरणातल्या संरक्षक पेशी जाग्या होतात आणि दाह सुरू होतो. पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांना 1990 मध्ये, अटॅक चालू असलेल्या रुग्णांच्या मानेच्या शिरेतल्या रक्तात सीजीआरपी वाढलेलं सापडलं. मॉस्कोविट्झ, गोड्सबी, एडविन्सन आणि डेन्मार्कचे येस ओलेसन या चौघांना 2021 मध्ये ब्रेन प्राइझ मिळालं.

लाली, सूज, उष्णता आणि ठणका, हीच दाहाची चार लक्षणं. काटा रुतला की शरीर हे सगळं करतं, आणि आपल्या भल्यासाठी करतं. अर्धशिशीत काटा नसतो, जंतू नसतो, जखम नसते, तरी ठणका असतो. तुर्कस्तानातल्या संशोधकांनी 2013 मध्ये उंदरांमध्ये यातला एक दुवा दाखवला. लेआवची ती लाट चेतापेशींवरून गेली की पेशींच्या भिंतीतली पॅनेक्सिन नावाची दारं उघडतात, दाहाचे निरोप बाहेर पडतात आणि ते आवरणापर्यंत पोचतात. खाडीपुलावर दिसलेला कंस आणि नेरूळला पडलेला ठोका यांच्यामधली वाट बहुधा अशी आहे.

हे निरोप नेणाऱ्या प्रथिनांची नावं रुक्ष आहेत. टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6. ती तयार करणारी जनुकं सगळ्यांकडे असतात, फक्त त्यांतलं एखादं अक्षर माणसागणिक बदलतं. माणसाच्या जनुकसंचात सुमारे 300 कोटी अक्षरं, आणि मूळ अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी. टीएनएफचं जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. जिथून ते वाचलं जाऊ लागतं त्याच्या 308 अक्षरं अलीकडे एक जागा आहे. बहुतेकांच्या तिथे जी असतो, काहींच्या ए. ए असेल तर जनुक जरा जोराने वाचलं जातं आणि टीएनएफ जास्त तयार होतं, असं प्रयोगशाळेतल्या काही प्रयोगांत दिसलं आहे. एक प्रत आईची, एक बाबांची. या एवढ्याशा अक्षराने मला काही काळ झपाटून टाकलं. आजीच्या अंधाऱ्या खोलीचं मूळ इथेच असणार असं वाटू लागलं.

मग अभ्यास वाचत गेले. इटलीत 2004 मध्ये पाहिलं तेव्हा दोन्ही प्रतींत जी असणाऱ्यांमध्ये अर्धशिशी जास्त दिसली. दोन वर्षांनी इराणमध्ये पाहिलं तेव्हा संशय ए वर आला. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हेच अक्षर आणि शेजारच्या टीएनएफ-बीटा जनुकातलं आणखी एक अक्षर आपल्याकडच्या रुग्णांमध्ये तपासलं. तो अभ्यास 2010 चा. लोक वेगळे, उत्तरं वेगळी. एका अक्षराला धरून खटला काही उभा राहीना.

त्यानंतर 2022 मध्ये फार मोठा अभ्यास आला. 1,02,084 रुग्ण आणि तुलनेला 7,71,257 इतर माणसं. एकेका जनुकावर संशय घेत बसण्याऐवजी यात सगळा जनुकसंच चाळला होता. अर्धशिशीशी नातं असलेल्या 123 जागा सापडल्या. काही रक्तवाहिन्यांच्या कामाशी जोडलेल्या, काही मज्जातंतूंच्या. सीजीआरपीचं जनुक जिथे आहे तो भागही त्यांत आहे. प्रत्येक जागेचा वाटा मात्र चिमूटभर. शिवाय तपासलेली बहुतेक माणसं युरोपीय वंशाची. शतकानुशतकं जातीतल्या जातीत लग्नं करत आलेल्या आपल्या समाजात अक्षरांची वाटणी तशीच असेल असं धरून चालता येत नाही. जीनोम इंडिया प्रकल्पात 10,000 भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले आणि ती माहिती जानेवारी 2025 मध्ये संशोधकांना खुली झाली. आपल्या डोकेदुख्यांचा शोध आपल्या अक्षरांत घ्यायची सोय आता कुठे होते आहे.

123 जागा आणि प्रत्येकीचा चिमूटभर वाटा, हे गणित मला समजावलं ते माझ्या शहराने. नवी मुंबईचा बराचसा भाग खाजण आणि मिठागरांवर भराव टाकून उभा आहे, आणि त्यातला काही मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहे. शहर आखताना सिडकोने डच पद्धतीवरून खाडीच्या कडेने होल्डिंग पॉण्ड केले. नाल्यांतून पावसाचं पाणी या तळ्यांत येतं. तळ्याच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा असतात. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती आली की बाहेरचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं, आणि ओहोटी लागेपर्यंत शहराचा पाऊस तळ्यात थांबून राहतो. नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'मध्ये सकाळी ज्याच्याभोवती आपण चालतो, तेही असंच तळं. नुसता पाऊस आला तर काही बिघडत नाही. नुसती भरती आली तरी नाही. मोठ्या भरतीच्या वेळी मोठा पाऊस गाठ पडला, आणि वर्षानुवर्षांच्या गाळाने तळं उथळ झालेलं असलं, की सखल सेक्टरांत पाणी भरतं. दुसऱ्या दिवशी पेपरात प्रत्येकजण एकेकाला जबाबदार धरतो. कुणी पावसाला, कुणी भरतीला, कुणी गाळाला.

माझं डोकं हे असंच वसलेलं शहर आहे. जमीन किती सखल असावी ते आजीच्या आणि तिच्या आधीच्या कुणाकुणाच्या अक्षरांनी मिळून ठरवलं. दाहाची जनुकं त्या झडपांच्या जागी धरावीत; कुणाच्या चटकन हलतात, कुणाच्या अडकून बसतात. गाळ माझ्या स्वतःच्या आयुष्याचा, अपुऱ्या झोपेचा आणि धावपळीत चुकलेल्या जेवणांचा. त्यावर पाऊस आणि भरती म्हणजे ऑक्टोबरचं ऊन, एकादशीचा उपास, पाळीच्या आधीचे दिवस, लग्नघरातलं जागरण, तुर्भ्याचा खकाणा. एकटं कुणी आलं तर निभावतं. तिघं एकदम आली की पाणी घरात. म्हणूनच 'परवाही हेच खाल्लं होतंस, तेव्हा नाही दुखलं?' या प्रश्नाला माझ्याकडे आता उत्तर आहे. परवा ओहोटी होती.

हे कळल्यावर घरातली गुन्हेगार शोधायची सवय सुटते, आणि ती सुटायलाच हवी. आई अटॅकच्या आदल्या संध्याकाळी हमखास गोड मागायची. जांभया द्यायची, मान चोळायची, बारीकसारीक गोष्टीवरून करवादायची. दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं की घरात निकाल लागायचा, 'काल बर्फी खाल्लीस ना, भोग आता.' आज डॉक्टर सांगतात की ती गोडाची ओढ, त्या जांभया, ती आखडलेली मान आणि ते चिडणं हा अटॅकचाच पहिला टप्पा असू शकतो. दुखणं सुरू होण्याच्या आधीच मेंदूत ते सुरू झालेलं असतं. बर्फी ही पुष्कळदा त्याची खूण असते, आणि आपण तिला कारण समजून आईला दोष देत राहिलो.

मग ही अक्षरं निसर्गाने टाकून का दिली नाहीत, असा प्रश्न मनात येतोच. दाह नसता तर आपले पूर्वज कुठल्याशा साध्या जखमेने गेले असते, हे त्याचं सोपं उत्तर. पण अक्षरं इतकी सरळ वागत नाहीत. टीएनएफच्या त्याच 308 व्या जागी दोन्ही प्रतींत ए असलेल्या मुलांना मेंदूत चढणाऱ्या मलेरियाचा धोका जास्त असतो, असं 1994 मध्ये गॅम्बियातल्या अभ्यासात दिसलं होतं. संरक्षणाचं हत्यार तिथे घरच्यांवरच चाललं. दुसरं उदाहरण थंडीचं. थंडी ओळखणाऱ्या टीआरपीएम-8 या जनुकाजवळचा एक बदल अर्धशिशीशी जोडलेला आहे. नायजेरियन वंशाच्या सुमारे 5 टक्के लोकांत तो आढळतो, तर फिनलंडच्या लोकांत सुमारे 88 टक्क्यांत. थंड मुलखात राहायला त्याची मदत झाली असावी असा 2018 मध्ये संशोधकांनी तर्क मांडला. कुणाच्या तरी हिवाळ्याची किंमत कुणाच्या तरी डोक्याने चुकती होत असते. यात माझा किंवा आजीचा अपराध शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही.

आईच्या केसांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. केस कमरेच्या खाली, दाट. रविवारी शिकेकाई लावून न्हायची, पंचाने खसाखसा पुसायची आणि कामाच्या घाईत ओल्या केसांचाच अंबाडा घालायची. दुपारी कुकरची शिट्टी सोसेनाशी व्हायची. 'मला न्हाण्याने दुखतं' असं ती म्हणायची आणि सगळे हसायचे. आंघोळीने कुणाचं डोकं दुखतं का? डॉक्टरांच्या कागदावरही ते कधी उतरलं नाही, कारण परदेशी पुस्तकांतल्या कारणांच्या यादीत चीज होतं, रेड वाइन होती, शिकेकाईचं न्हाणं नव्हतं. मुंबईतले डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी मात्र हे म्हणणारे रुग्ण मोजले. डोक्यावरून न्हाण्याने मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी, सुरू होणाऱ्या 94 भारतीय रुग्णांची निरीक्षणं त्यांनी 2006 मध्ये 'सेफॅलाल्जिया' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापली. आईला ते वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'म्हणजे मी एकटी नव्हते.' माझ्या लेखी 123 जागांच्या शोधाइतकाच हा शोध मोठा आहे. तो लागला तो एका डॉक्टरने रुग्णाचं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही म्हणून.

हल्ली मोबाइलवर जाहिरात येते, नळीत थुंकी भरून पाठवा आणि तुमची जनुकं जाणून घ्या. माझी भाची कॉलेजात आहे. तिने ती जाहिरात दाखवून विचारलं, 'मावशी, करून टाकूया का? मलाही होणार का ते एकदाचं कळेल.' तिचं डोकं अधूनमधून दुखायला लागलंय, म्हणून तिच्या प्रश्नात गंमत कमी होती. मी तिला सांगितलं ते असं. अंगाची एक बाजू तात्पुरती लुळी पाडणारा मायग्रेनचा एक दुर्मीळ प्रकार आहे, तो काही घराण्यांत चालत येतो, आणि त्याचं पहिलं जनुक 1996 मध्ये सापडलं. तिथे जनुकाच्या तपासणीला अर्थ आहे, आणि ती डॉक्टर सांगतात. आपल्यासारख्यांच्या साध्या अर्धशिशीचं निदान आजही रक्तात किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. एमआरआय काढतात तो दुसरं काही नाही ना हे बघायला. निदान होतं ते तुझ्या बोलण्यातून. कधी दुखतं, कुठल्या बाजूला, किती तास, उजेड सोसतो का, मळमळतं का. औषध न घेतलेला अटॅक 4 ते 72 तास टिकतो, हेसुद्धा माणसांनी सांगितल्यावरच पुस्तकात आलं. तेव्हा थुंकी पाठवू नकोस, वही घाल.

ती वही तिने मोबाइलमध्येच घातली. झोप, जेवणाची वेळ, पाळी, ऊन, गोळी. काही महिन्यांनी तिचं तिलाच दिसलं की परीक्षेने डोकं दुखत नव्हतं. परीक्षेच्या आधी रात्री दोनला झोपायची आणि सकाळी चहावर निघायची, त्याने दुखत होतं. सखल जमीन तिला बदलता येणार नाही. पण पावसाळ्याआधी गाळ काढता येतो, आणि भरतीचं वेळापत्रक हाताशी ठेवता येतं.

आजीच्या काळी सुंठ होती, आईच्या काळी बाम. माझ्या काळी 1991 मध्ये पहिल्यांदा बाजारात आलेल्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या आहेत, आणि त्या वेळेवर घेतल्या तर लाट पुढे सरकली तरी दुपार वाचते. सीजीआरपीला अडवणारं पहिलं इंजेक्शन 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. भाचीच्या काळी याहून नेमकं काही असेल. कदाचित तिची 123 अक्षरं बघून औषध ठरेल, कदाचित नाही. तोवर आपल्या हातात जे आहे ते साधं आहे.

म्हणून एवढीच विनंती. घरात कुणी म्हटलं, 'माझं डोकं दुखतंय', तर काय खाल्लंस, कशाचं टेन्शन घेतलंस, हे विचारू नका. आधी ट्यूब बंद करा, टीव्ही बंद करा, फोडणीचा धूर त्या खोलीत जाणार नाही असं बघा. तिच्या वाटचं काम उरका आणि ते उरकल्याचा बोभाटा करू नका. आणि एक हिशेब मात्र नक्की ठेवा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा त्याहून जास्त दिवस, आणि ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या 10 किंवा त्याहून जास्त दिवस, असं काही महिने चाललं तर त्या गोळ्याच डोकेदुखीचं कारण होऊ शकतात. तुमच्या आईच्या, बायकोच्या, मुलीच्या पर्समधली पट्टी इतक्या लवकर संपत असेल, तर तिला मेंदूविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा. 'जाऊन ये' म्हणू नका, सोबत जा.